उंदीर सोपा आहे म्हणून

टिपणीस मॅडम उंदरांच्या खोलीत दार वाजवून जायच्या. हलकं टकटक करायचं, जरा थांबायचं, मग आत. नवीन माणसाला वाटायचं, आत कोणी कपडे बदलतंय की काय. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलेलं. मी विचारलं, "मॅडम, आत कोण आहे?"

"ज्यांची खोली आहे ते," त्या म्हणाल्या.

त्यात माया वगैरे काही नव्हतं, हे नंतर कळलं. दार धाडकन उघडलं की उंदीर दचकतात. दचकलेली मादी त्या दिवशी वेगळं वागते, आणि दचकलेल्या मादीवरून काढलेला निष्कर्ष मॅडमना नको असायचा. पण हे त्या आपणहून सांगायच्या नाहीत. विचारलं तर सांगायच्या. न विचारणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं.

त्यांची आठवण परवा वर्गात आली. मी आता कल्याणच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. फळ्यावर आकृती काढून, गर्भाची वार आईच्या गर्भाशयात कशी रुजते ते सांगत होते. पुस्तकात तिला अपरा म्हणतात, मुलं प्लॅसेंटा म्हणतात, आमच्या घरी वार म्हणतात. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मिस, पण हे कळलं कसं? पोटात असताना बघितलं कोणी?"

"प्राण्यांवरून कळलं," मी म्हटलं.

"कुठल्या प्राण्यांवरून?"

घसा बसलेला, तास संपत आलेला, पुढे आणखी दोन तास. मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगते. स्टाफरूममध्ये येऊन बसले आणि मॅडम डोक्यातून जाईनात. 'कुठल्या प्राण्यांवरून' हा एवढा एकच प्रश्न घेऊन त्या बाईने नोकरीची सगळी वर्षं काढली होती.

ठाण्याच्या जुन्या औद्योगिक वसाहतीत एक खासगी संशोधन संस्था होती. आजूबाजूला बंद पडलेले कारखाने, गॅरेजं, एक लग्नाचा हॉल, आणि मध्ये आमची पिवळट इमारत. मागच्या बाजूला प्राणीघर. मी तिथे प्रकल्प सहायक म्हणून लागले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं ही फुशारकी मारतेय. मारतेच. दिवा स्टेशनच्या बाजूला आमचं गाव. आजोबांचं मिठागर होतं, मग भातशेती, आता त्याच जागेवर आमच्या चाळी आणि भाडेकरू. पाणी टँकरचं. घर भाड्यावर चालतंय तर पोरीने कशाला शिकायचं, असं बाबांचं सरळ म्हणणं होतं. मी शिकले.

मुलाखतीला माझ्याबरोबर आलेल्या मुलींचं इंग्रजी फाडफाड. माझं तेव्हा अडखळायचं. मॅडमनी माझा अर्ज बाजूला ठेवला आणि मराठीत विचारलं, "घरी जनावरं होती?"

"म्हशी होत्या."

"म्हैस व्याली आणि वार पडली नाही तर काय होतं?"

मला वाटलं, जिंकलंच. मी धडाधड सांगायला लागले. वार आत सडते, म्हशीला ताप भरतो, दूध आटतं, डॉक्टरला बोलावून हाताने काढावी लागते. मॅडम शांतपणे ऐकत होत्या.

"हे तू बघितलंयस?"

मी म्हटलं, "नाही. आईकडून ऐकलंय."

"मग आईकडून ऐकलंय असं आधी म्हणायचं." आणि मला घेतलं. का घेतलं ते कधी सांगितलं नाही, आणि हे मात्र मी कधी विचारलं नाही.

बाई ठेंगण्या. सुती ड्रेस, वर पांढरा कोट, त्याचं एक बटण नेहमी चुकीच्या काजात. डोंबिवली पूर्वेला एकट्या राहायच्या. आम्हाला सगळ्यांना आडनावाने हाक मारायच्या, "म्हात्रे, इकडे ये." प्राणीघरात गजरा चालायचा नाही, अत्तर नाही, केसांना वासाचं तेल नाही. मी रोज घरून तेल चोपडून निघणारी मुलगी. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला बेसिनपाशी उभं करून साबणाने केस धुवायला लावलेले. आई भडकली. म्हणाली, "कंची बाय ही? नोकरी देते का न्हाऊ घालते?"

वासावरून एकदा मोठाच घोळ झाला. प्राणीघर सांभाळायला प्रमोद होता, कळव्याचा. मनाचा मोकळा, तोंडाचा त्याहून मोकळा. एका खोलीला रंग लावायचा होता म्हणून त्याने तिथले नवीन आलेले नर उचलून आमच्या माद्यांच्या खोलीत आणून ठेवले. पिंजरे वेगळे होते. एकमेकांना शिवायचा प्रश्नच नव्हता. पण त्या माद्या नुकत्याच गाभण राहिलेल्या. आठवड्याने बघतो तर बहुतेकींच्या पोटात काही नाही.

मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. "गर्भ नुकताच राहिलेला असताना अनोळखी नराचा नुसता वास आला, तरी उंदराची मादी गर्भ सोडून देते," त्या म्हणाल्या. "सगळ्या नाही, पण पुष्कळ."

प्रमोद म्हणाला, "काय सांगता मॅडम! नुसत्या वासाने?"

"नुसत्या वासाने."

"आमच्या बिल्डिंगमधी नवीन सेक्रेटरी आलाय. त्याला सांगून ठेवतो, जिन्यात जास्त थांबू नको."

मला हसू आवरेना. मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांचा राग वेगळा असायचा. त्या उठून सरळ मोरीत गेल्या आणि धुतलेल्या काचेच्या बरण्या पुन्हा धुवायला लागल्या, आवाज करत. बरण्या वाजल्या की सगळी संस्था गप्प व्हायची. त्या दिवशी दुपारपर्यंत बरण्या वाजत होत्या. मग हात पुसत आल्या आणि प्रमोदला म्हणाल्या, "तुला हे माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. आता माहीत आहे." विषय संपला.

प्राणी मारायचं काम त्या दुसऱ्या कोणाला देत नसत. आमच्या धंद्यात त्याला 'सॅक्रिफाइस केला' म्हणायची पद्धत आहे. मॅडमना तो शब्द खपायचा नाही. मी एकदा बोलून गेले, तर म्हणाल्या, "देव नाही, पूजा नाही, नवस नाही. कसला बळी? मारला म्हण. म्हणवत नसेल तर मारू नये."

तेव्हापासून मी मारला म्हणते. आजही कॉलेजात कोणी दुसरं काही म्हणालं की मला खटकतं.

वार म्हणजे काय हे त्यांनी मला प्रयोगशाळेत शिकवलं नाही. डोंबिवलीला स्टेशनजवळ भाजी घेताना शिकवलं. मी काही कागदांवर त्यांच्या सह्या घ्यायला गेलेले, आणि त्या फ्लॉवरचा गड्डा हातात घेऊन उभ्या. भाजीवालीला म्हणाल्या, "मधून कापून दे." ती म्हणाली, "कापला तं घ्यावा लागेल हा ताई." "घेते गं बाई." मग अर्धा गड्डा माझ्यासमोर धरला. "माणसाची वार अशी. देठ, देठाला फांद्या, फांद्यांना बारीक तुरे. हे तुरे आईच्या रक्तात बुडालेले. कळलं?"

"कळलं."

"उंदराची अशी नाही. उंदराची पावासारखी. सगळी छिद्रंच छिद्रं, एका छिद्रातून आईचं रक्त, शेजारच्यातून पिल्लाचं."

"मग उंदरावरून माणसाचं कळणार कसं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला उगाच मान ताठ झाल्यासारखी वाटली. "चल, चहा घेऊ," म्हणाल्या. मी विचारलेल्या एखाद्या प्रश्नाचं त्यांनी केलेलं सगळ्यात मोठं कौतुक तेच.

पण त्यांच्याबद्दल सांगायचं तर घड्याळाची गोष्ट सांगायलाच हवी.

उंदरांच्या खोलीला खिडकी नसते. आतला दिवस आणि आतली रात्र दिव्यांनी करायची. दिवे लावायला-घालवायला भिंतीवर एक घड्याळाचं बटण असतं, ते आपोआप चालतं. अंधार झाला की उंदीर जोडीला येतात. सकाळी जाऊन मादी बघायची, जोडी जमल्याची खूण दिसली की तिथून गर्भाचं वय धरायचं. वार कुठल्या वयाला कशी दिसते, याची मॅडमनी वर्षानुवर्षं चित्रं काढलेली. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा होता, तरी त्या पेन्सिलीने काढायच्या. या कामावर त्यांचा एक लेख होता. आपल्याकडच्या या उंदरांत वारेची ती छिद्रांची जाळी इतरांनी लिहिलंय त्यापेक्षा थोडी उशिरा बनते, असं त्यांनी त्यात दाखवलेलं. फार नाही, थोडीशीच. पण बाहेरचे लोक मॅडमना ओळखायचे ते त्या लेखावरून.

आमच्याकडे दर शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट जायची. जनरेटर होता. त्यावर एसी चालायचा, पंखे चालायचे, दिवे चालायचे. एका शुक्रवारी संध्याकाळी मी आणि मॅडम काही आणायला खोलीत गेलो. एव्हाना आत अंधार व्हायला हवा होता. आत लख्ख उजेड.

मॅडम दारातच थांबल्या. "म्हात्रे, बाहेर काय आहे आता?"

"संध्याकाळ झाली."

"आणि आत?"

"आत अजून दिवस आहे," मी म्हटलं.

त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. मग प्रमोदला हाक मारली. प्रमोदने सांगितलं ते असं : दिव्यांचं घड्याळ जनरेटरच्या लाइनवर नव्हतंच. शुक्रवारी लाइट गेली की ते बंद पडायचं, आली की थांबलेलं तिथून पुढे चालू व्हायचं. लक्षात आलं तर तो हाताने पुढे करायचा. अंदाजाने. त्याच्या आधीचा माणूसही तसंच करायचा.

म्हणजे बाहेरची रात्र आणि आमच्या उंदरांची रात्र किती तरी वर्षं एकमेकींपासून सरकत होती. उंदीर त्यांच्या रात्री जोडीला यायचे, आणि वय आम्ही आमच्या सकाळपासून धरायचो. जाळी उशिरा बनत नव्हती. उंदीर आम्ही समजत होतो त्यापेक्षा लहान होते, एवढंच.

प्रमोदचा चेहरा उतरला. "मॅडम, माझ्यामुळे..."

"तू घड्याळ पुढे करायचास ते मी इतक्या वर्षांत बघितलं नाही," मॅडम म्हणाल्या. "तू चोरून तर करत नव्हतास."

त्या दिवशी बरण्या वाजल्या नाहीत. मला ते जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी तो लेख छापणाऱ्या नियतकालिकाला कळवून टाकलं की हा निष्कर्ष चुकीचा आहे, मागे घ्यावा. संस्थेच्या संचालकांना आम्ही साहेब म्हणायचो. साहेब तणतणत खाली आले. दार उघडंच होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"तुम्हाला कोणी विचारलं होतं का? इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, पुढेही कोण बघायला येणार होतं?"

"कोणीच नाही."

"मग?"

"उंदीर उशीर करत नव्हते, साहेब. घड्याळ करत होतं. मी उंदरांवर आळ घेतला."

साहेब पाठ फिरवून गेले. जिन्यात कोणाला तरी म्हणाले, "ह्या बाईचं काय करायचं?"

त्यानंतर मॅडमनी तारखेवर विश्वास ठेवणं सोडलं. पिल्लू हातात आलं की आधी त्याचे पंजे बघायच्या, बोटं सुटी झालीत का, कान किती वर आलाय. त्यावरून वय ठरवायच्या. आम्ही तारीख सांगायला गेलो की हात वर करायच्या. "थांब. त्याला विचारू दे."

आणि त्यानंतरच त्या उंदीर सोडून गिनीपिगकडे वळल्या. काही बायकांच्या पोटात वार नीट खोल रुजत नाही. आईच्या रक्तवाहिन्यांत तिची मुळं जायला हवीत तितकी जात नाहीत. मग आईचा रक्तदाब वाढतो, पाय सुजतात, बाळ लहान राहतं, कधी दोघंही जातात. मॅडमना हे मूळ कसं आणि कधी खोल जातं ते बघायचं होतं. उंदराची वार मुळातच वरवर रुजते. ज्याची कधी खोल जातच नाही, ती कुठे अडते हे त्याच्याकडून कसं कळणार? गिनीपिगची मात्र खोल जाते, बरीचशी माणसासारखी. पण उंदीर तीन आठवड्यांत वितो, आणि गिनीपिग दोन महिन्यांहून जास्त घेतो. पिल्लं थोडी, जागा जास्त, गवत लागतं, खर्च लागतो. साहेब म्हणायचे, सगळं जग उंदरांवर काम करतंय, तुम्हालाच काय झालंय? मॅडमचं उत्तर ठरलेलं. "उंदीर सोपा आहे म्हणून बरोबर आहे असं नाही."

त्यांच्यामागून आलेले लोक उंदरांवर भराभर लेख लिहून विभागप्रमुख झाले. मॅडम होत्या तिथेच राहिल्या. संस्थेत त्यांना मागून गिनीपिगवाल्या बाई म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं. हे काम त्यांनी का घेतलं याबद्दल लोकांनी परस्पर कथाही रचलेल्या. कोणी म्हणायचं बहीण बाळंतपणात गेली, कोणी आणखी काही. मी एकदा सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "काही नाही गं. कोणाला माहीत नव्हतं, म्हणून मला हवं होतं. दुःख असलं तरच माणसाने काम करायचं का?"

वहिनीला मुलगा झाला तेव्हा मी त्यांना पाचवीला घरी बोलावलं. येतील असं वाटलं नव्हतं. आल्या. दिव्याला उतरून, गर्दीतून वाट काढत, बाळाला टोपरं घेऊन. आमची आई सगळ्यांना एकेरीत बोलते, साहेबांनाही बोलली असती. पाण्याचा तांब्या पुढे ठेवून म्हणाली, "बस गो बाय. आमची पोर सांगते तू उंदरांचे वारीन बगतंस. काय बगतंस गो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम पाणी प्यायल्या. "मूळ किती खोल जातं ते बघते."

"आमचे सासूनं सगल्या पोरांची वार न्हानीजवल पुरली," आई म्हणाली. "वर दगर ठेवला. कुतरा उकरील म्हनून."

मॅडम पुढे सरकल्या. "पुरायच्या आधी कोणी उलटून बघायचं का ती?"

"बगाला नको? सुईन पाटावर पसराची नि बगाची. तुकरा आत ऱ्हायला त बाई जाची ना."

"आणि कशी दिसायची?"

"कशी म्हंजे? ही हवरी. भाकरीसारखी. एका अंगानं लाल, दुसऱ्या अंगानं झारावानी शिरा." मग आईने मॅडमना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "तुना पोरां किती?"

"नाहीत."

"एक पन नाय?"

"लग्नच केलं नाही."

"बरा केलंस," आई म्हणाली. "मंग मोज उंदरांचीच."

मी डोळे मिटून घेतले. आणि मॅडम हसल्या. मोठ्याने, खोकला येईपर्यंत. इतकी वर्षं एकत्र काम करून त्यांना असं हसताना मी तेव्हाच बघितलं. आईला वाटलं बाई रडायला लागली. तिने घाईघाईने त्यांच्या ताटात आणखी एक घावन वाढलं.

मग ते दिवस आले ज्यांची आम्हाला कुणकुण होती. संस्थेने प्राणीघर बंद करायचं ठरवलं. आता पेशी काचेच्या ताटलीत वाढवतात, त्यांचे छोटे गोळे तयार करतात, वारेच्या पेशींचेही करतात. प्राणी लागत नाहीत, वास नाही, परवानग्या नाहीत. मॅडमनी भांडण केलं नाही. मला वाटलेलं करतील. म्हणाल्या, "चांगलं आहे. मारावं लागणार नाही. फक्त गोळ्याला आई नसते, तेवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं."

त्यांची स्वतःची निवृत्तीही त्याच सुमारास होती. गिनीपिगच्या वारेची मालिका जवळजवळ पुरी होत आलेली. गर्भ रुजल्यापासून पुढचा प्रत्येक टप्पा त्यांनी बघितलेला, रेखाटलेला. राहिला होता शेवटचा, विण्याच्या अगदी आधीचा. तो झाला की पहिल्यापासून शेवटपर्यंत मूळ कसं जातं हे सलग दाखवता आलं असतं. तेवढ्यासाठी काही माद्या गाभण ठेवलेल्या. मॅडमनी त्या विण्याला येईपर्यंतची मुदत मागितली. साहेबांनी दिली. माणूस वाईट नव्हता.

माझंही त्यात अडकलेलं होतं. त्या लेखावर माझं नाव येणार होतं. त्याच्या जोरावर पीएच.डी.ला अर्ज करायचा, हे मी घरी सांगून टाकलेलं. बाबांनी चाळीतल्या भाडेकरूंनाही सांगितलेलं.

मे महिना होता. एका रविवारी एसी बंद पडला. बंद व्हायच्याच असलेल्या प्राणीघराकडे रविवारी कोण बघतं? गिनीपिगला उकाडा सोसत नाही, आणि पोटुशीला तर मुळीच नाही. सोमवारी सकाळी प्रमोद फाटकावरच भेटला. नुसती मान हलवली. शेवटच्या टप्प्यासाठी ठेवलेल्यांपैकी एक जिवंत होती. काळी-पांढरी, कोपऱ्यात पाण्याच्या बाटलीला चिकटून बसलेली. पुन्हा नव्याने माद्या गाभण ठेवून दोन महिने थांबायला आता जागाच उरणार नव्हती.

साहेब स्वतः खाली आले. चांगल्या मनानेच आले. "एक तर एक," म्हणाले. "शेवटचं चित्र त्या एकीवरून टाका. संख्या कमी आहे असं खाली बारीक अक्षरात लिहा. मालिका पुरी होईल, जाताना तुमच्या नावावर काहीतरी मोठं होईल. ह्या पोरीचंही भलं होईल."

मॅडम म्हणाल्या, "बघते."

मॅडम कधी 'बघते' म्हणत नसत. हो म्हणायच्या नाहीतर नाही.

साहेब गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुला काय वाटतं म्हात्रे?"

"मला लेख हवाय मॅडम."

"खरं बोललीस," त्या म्हणाल्या. "मलाही हवाय."

विण्याचा दिवस जवळ आला की गिनीपिगच्या कमरेखालचं हाड मधून उघडायला लागतं. बोट लावलं की फट लागते. ती बोटभर झाली की आता एक-दोन दिवसच. मॅडम रोज ती मादी मांडीवर घेऊन बोट लावून बघायच्या. एका सकाळी म्हणाल्या, "आज." प्रमोदने ट्रे मांडला. कात्र्या, चिमटे, बरण्या. मॅडमनी हातमोजे घातले, तिला मांडीवर घेतलं, बोट लावलं. बराच वेळ तशाच बसल्या. पोटात पिल्लं हलत होती, बाहेरून दिसत होती.

मग त्यांनी तिला परत पिंजऱ्यात ठेवलं आणि हातमोजे काढले.

"मॅडम?" मी म्हटलं.

"बाकीच्या सगळ्या त्या उकाड्यात मेल्या. ही मेली नाही." त्या थकलेल्या आवाजात, एकेक शब्द ठेवल्यासारख्या बोलत होत्या. "म्हणजे ही त्यांच्यासारखी नव्हती. हिच्यात काहीतरी वेगळं होतं, नाहीतर उकाड्याने काहीतरी वेगळं केलं. हिची वार बघून मी सगळ्यांच्या वारेबद्दल कसं लिहू? ते चित्र हिचं होईल. गिनीपिगचं नाही."

"खाली लिहू ना मॅडम. साहेब म्हणाले तसं."

"खालचं कोण वाचतं? चित्र बघतील. पुस्तकात घेतील. पोरं पाठ करतील." मग म्हणाल्या, "तुझं नुकसान होतंय. मला माहीत आहे. तरी नाही."

मी रागावले होते. खोटं कशाला बोलू? बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं. प्रमोद म्हणाला, "जाऊ दे गं. ह्या बाईला उंदरांची पण माफी मागायची सवय आहे." मला हसूही आलं नाही.

ती मालिका अपुरीच छापून आली. शेवटचा टप्पा उपलब्ध नाही, असं त्यात साध्या वाक्यात लिहिलेलं आहे. फार कोणी वाचली नाही. माझी पीएच.डी. त्या वर्षी हुकली ती हुकलीच. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, पेपर तपासणं, सकाळची कॉलेजं. मॅडम निवृत्तीनंतर पुण्याला भाचीकडे राहायला गेल्या. आधी फोन व्हायचे, मग कमी झाले. राग कधी गेला ते मला सांगता येणार नाही. हळूहळू गेला. आता मी फळ्यावर वारेची आकृती काढते तेव्हा मला एवढं माहीत असतं, की यातली एखादी रेघ टिपणीस मॅडमनी काढू दिली नसती.

पण मला त्या दिसतात त्या हातमोजे काढले त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या. त्या मादीला आणि होणाऱ्या पिल्लांना दुसऱ्या एका कॉलेजच्या प्राणीघरात द्यायचं ठरलेलं, प्रमोद खोका आणायला गेलेला. बाकीचे पिंजरे रिकामे, धुऊन उपडे घातलेले. ती व्यायला लागलीय हे कळलं म्हणून मी धावत गेले. मॅडम पिंजऱ्यापुढे जमिनीवरच बसलेल्या, भिंतीला टेकून, पाय पसरून. दोन पिल्लं बाहेर आलेली. गिनीपिगची पिल्लं केस घेऊन आणि डोळे उघडे ठेवूनच येतात. ओली, टकमक बघणारी. आणि त्यांच्यामागून वार पडली. ताजी, अख्खी, आम्हाला हवी होती तशी.

सवयीने माझा हात काचेच्या ताटलीकडे गेला.

"राहू दे," मॅडम म्हणाल्या.

गिनीपिगची आई वार खाते. तिने पुढच्या दोन्ही पायांत ती धरली, आमच्याकडे एकदा बघितलं, आणि पाठ फिरवून कोपऱ्यात घेऊन गेली. घाईघाईने खात होती. मॅडम तशाच टेकून बघत होत्या, चष्मा कपाळावर, हात मांडीवर मोकळे.

"सावकाश खा," त्या तिला म्हणाल्या. "कोणी घेत नाहीये."